गॅस गिझरवाला तो फॉरवर्ड, आणि मामीच्या खिडकीचा पुठ्ठा

खामल्याच्या मामीनं परवा एक फॉरवर्ड पाठवला, खाली लिहिलं, "वाच रे, उगाच भेव दाखवत होतास." हाच मेसेज आधी सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेला होता, मग ऑफिसच्या ग्रुपवर, तेव्हा मी सोडून दिला. पण मामीनं तो वाचून बाथरूमच्या खिडकीला पुठ्ठा ठोकला, गार वारा येते म्हणून, आणि आत भिंतीवर गॅसचा गिझर आहे. म्हणून आता लिहून राहिलो.

ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल (असे कोणी उरले असतील तर) त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात असा: गॅस गिझरनं माणूस मरतो ही इलेक्ट्रिक गिझर विकणाऱ्यांनी उठवलेली अफवा आहे. गॅसला वास असतो, काही झालं तर कळतंच. ज्योत निळी असली की विषारी वायू होत नाही. झालाच तर तो जड असतो, दाराखालच्या फटीतून निघून जातो, नाहीतर बाथरूममध्ये एक बादली थंड पाणी भरून ठेवा, ते वायू शोषून घेतं. गिझर 20 मिनिटांनी आपोआप बंद पडतो. सर्व्हिसिंग म्हणजे पैसे उकळायचे धंदे. डोकं दुखलं तर बोटाला ऑक्सिमीटर लावा, 95 च्या वर आकडा असेल तर काही झालेलं नाही. आणि अमेरिकेत लोक हॉलमध्ये काचेमागे गॅसची फायरप्लेस पेटवून अख्खा हिवाळा काढतात, त्यांना काही होत नाही, मग आपल्यालाच काहून होईल?

वासाचं आधी उरकतो. सिलेंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात. तो वास न जळलेल्या गॅसचा. जळताना हवा कमी पडली की जो कार्बन मोनॉक्साईड तयार होतो त्याला ना वास ना रंग. म्हणजे वास आला नाही याचा अर्थ फक्त गळती नाही, एवढाच.

जड असण्याचंही तसंच, दोन वायूंची खिचडी केली आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, खरं आहे. कार्बन मोनॉक्साईडचा रेणुभार 28 आणि हवेचा सरासरी 29, म्हणजे तो हवेत मिसळून सगळीकडे पसरतो, त्यातून गिझरमधून निघते ती गरम हवा, ती आधी वरच जाणार. नेमकी तिथंच मामीची खिडकी होती. बादलीबद्दल काय बोलायचं बावा. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बादली आंघोळीला वापरा.

निळी ज्योत, हे अर्धं खरं आहे, मान्य करतो. पिवळी ज्योत, गिझरच्या डब्यावर काजळी, हे बर्नर नीट जळत नसल्याचं लक्षण, दिसलं की लगेच बंद करा. पण सुरुवातीला निळी होती म्हणून दहा मिनिटांनी पण सगळं ठीकच असेल असं कोण म्हणतं? हिशोब करून पाहा. सहा लिटरचा गिझर पूर्ण जोरात चालला तर तासाला साधारण किलोभर गॅस खातो, आणि एक किलो एलपीजी नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे 10 मिनिटांना दोनेक घनमीटर. आपलं चार बाय सहाचं, आठ फूट उंचीचं बाथरूम म्हणजे सगळी मिळून साडेपाच घनमीटरही हवा नाही, म्हणजे एका माणसाच्या आंघोळीतच एक तृतीयांशाहून जास्त हवेतला ऑक्सिजन गिझर वापरून मोकळा, आणि जळालेली हवा तिथंच फिरते, तीच परत बर्नरमध्ये जाते, तीच तुम्ही श्वासात घेता.

यातच 20 मिनिटांचंही उत्तर आलं. टायमर बऱ्याच मॉडेलमध्ये असतो, चांगली गोष्ट आहे, पण नळ बंद करून परत उघडला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू. घरात चार जण एकामागून एक आंघोळीला जातात तेव्हा चौथ्याच्या वाट्याला काय येतं?

आता ऑक्सिमीटर. या मुद्द्यावर माझं डोकं फिरलं, कारण बाकीचे मूर्खपणाचे आहेत, हा जीव घेणारा आहे. कोविडनंतर प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये ते चिमट्यासारखं यंत्र पडलेलं आहे आणि लोकांचा त्यावर देवासारखा विश्वास. ते यंत्र बोटातून लाल आणि इन्फ्रारेड उजेड टाकून रक्तातलं हिमोग्लोबिन किती भरलेलं आहे ते पाहतं. कशानं भरलंय हे त्याला समजत नाही. कार्बन मोनॉक्साईड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो, आणि असं चिकटलेलं हिमोग्लोबिन लाल उजेडात ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. त्यामुळे माणूस चक्कर येऊन पडायच्या बेतात असला तरी स्क्रीनवर 98 दिसू शकतं. घरचे म्हणणार ॲसिडिटी असेल, झोप बाई जरा. खरा आकडा रक्ताच्या तपासणीतून कळतो, कार्बोक्सीहिमोग्लोबिन म्हणून सांगावं लागतं, आणि डॉक्टरला आधी हे सांगावं लागतं की घरात गॅस गिझर चालू होता. डोकं जड, मळमळ, गळून गेल्यासारखं, ताप नाही, आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदमच, असं झालं तर आकडा पाहत बसू नका. गॅस बंद, दारं-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, 108 लावा. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्मा व्हायला चार-पाच तास जातात, दवाखान्यात शुद्ध ऑक्सिजन मास्कनं दिला तर तास-दीड तास.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथली सरकारी आरोग्यसंस्था सीडीसीच सांगते की आगीशी संबंध नसलेल्या, चुकून झालेल्या कार्बन मोनॉक्साईडच्या विषबाधेनं तिकडे दरवर्षी 400 च्या वर माणसं मरतात आणि एक लाखावर इमर्जन्सीत जातात. त्यात गाड्या, जनरेटर, हीटर सगळं आलं, पण "त्यांना काही होत नाही" हे तर खोटं ठरलं ना! आणि ती काचेमागची फायरप्लेस म्हणजे आपला बाथरूममधला डबा नव्हे. डायरेक्ट व्हेंट प्रकारात काच सीलबंद असते, पाइपात पाइप असतो, बाहेरच्या पाइपातून ताजी हवा आत येते आणि आतल्यातून जळालेली बाहेर जाते, खोलीतली हवा ती वापरतच नाही. तरीसुद्धा तिथली आगसुरक्षेची संस्था एनएफपीए सांगते की फायरप्लेस आणि तिचे व्हेंट वर्षातून एकदा तपासून घ्या, आणि वर घरात कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावतात. बिनव्हेंटचे हीटर पण मिळतात, पण कॅलिफोर्नियात ते घरात वापरायला बंदी आहे. म्हणजे ज्यांचं उदाहरण दिलं तेच लोक आपल्यापेक्षा जास्त भितात.

सर्व्हिसिंगबद्दल एवढंच, आपल्याकडे बोअरचं पाणी जड, आत क्षार बसतात, बर्नरमध्ये धूळ-जाळी साचते, नोव्हेंबरात एकदा उघडून साफ करायला काय जातं? सिलेंडरची नारंगी सुरक्षा नळी पण 5 वर्षांनी बदलायची असते, तारीख तिच्यावरच छापलेली असते.

आणि थंडी खोटी आहे असं मी म्हणत नाही. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 वर गेला होता, खिडकी उघडी ठेवून आंघोळ करा हे सांगणं सोपं आहे. म्हणून गिझर मुळात बाथरूममध्ये नकोच. बाल्कनीत किंवा मागच्या मोकळ्या बोळीत लावा, गरम पाणी पाइपानं आत घ्या, मग खिडकीला पुठ्ठा लावा नाहीतर गोधडी. मामा म्हणून राहिले की त्यासाठी टाइल्स फोडाव्या लागतील. तर फोडा, माणूस मी पाठवतो, पण तोवर मामी, तो पुठ्ठा आज काढ.