नाकाच्या कॅन्सरला लाइट घेतली की डोळे जातात म्हणे

आमच्या मामांचं आयुष्य सुतारकामात गेलं, त्यांना सायनसचा, म्हणजे नाकाशेजारच्या पोकळीचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आता लाइट, म्हणजे रेडिएशन सुरू व्हायची तर कुणीतरी मामीला फॉरवर्ड पाठवला: नाकाला रेडिएशन म्हणजे दोन्ही डोळे जातात, पेशंटपासून घरातल्या पोरांना किरणं लागतात, चांगलं प्रोटॉन मशीन (एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांनी लाइट देणारं) गरिबांपासून लपवलंय, हा कॅन्सर फ्रिजच्या पाण्याने होतो, त्यापेक्षा नाकात गाईचं तूप सोडा. झालं, मामी तारीख पुढे ढकलायला निघाली.

पोरांचं आधी, कारण डोकं तिथेच फिरलं. मामा अजून मशीनखाली गेलेसुद्धा नाहीत आणि नातीला त्यांच्या खोलीत बंदी! अहो, बाहेरून देतात ती लाइट मशीन बंद झालं की संपली. अंगात, कपड्यात, थुंकीत काही उरत नाही. एक्स-रे काढून आलेल्याचं ताट वेगळं करता का?

डोळ्यांचं मात्र अगदीच हवेतलं नाही, मान्य. सायनस आणि डोळा यांच्यात जेमतेम पातळ हाड, त्यामुळे जुन्या पद्धतीत डोळा गेलेले पेशंट होते. आता आयएमआरटीत, म्हणजे गाठीच्या आकाराप्रमाणे किरणं कमी-जास्त करून देण्याच्या पद्धतीत, डोळ्याची नस स्कॅनवर आधीच आखून घेतात, गाठीच्या जागेला 60 ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप) आसपास डोस आणि नसेला साधारण 54 च्या आत ठेवायचा प्रयत्न. लाइट देताना जाळीचा मास्क घालतात तो त्यासाठीच, गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची शीट चेहऱ्यावर ताणून बसवतात, गार झाली की कडक होते, मग डोकं हलत नाही. मोतीबिंदू होऊ शकतो, डोळा कोरडा पडतो, गाठ नसेला चिकटलेली असेल तर धोका जास्त, ते डॉक्टर सांगतात. पण 'दोन्ही डोळे जातातच' ही शुद्ध थाप. आणि गाठ परत वाढली तर ती डोळा सोडणारे का?

प्रोटॉन लपवलंय कुठे, खारघरला टाटाच्या कॅन्सर केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये आहे. 2014 साली लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या कॅन्सरवरच्या वैद्यकीय मासिकात याच कॅन्सरवरच्या 41 अभ्यासांचा आढावा आला, त्यात प्रोटॉनसारख्या उपचारांचे निकाल सरस दिसले, पण मेंदू-नसांचे त्रासही त्यातच जास्त. म्हणजे सरसकट सगळ्यांना तेच हवं असं नाही.

फ्रिजचं पाणी? लाकडाची धूळ हे या कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण आहे, मामांनी जन्मभर तीच ओढली.

राहिलं तूप. ऑपरेशन झालेल्या नाकात काय घालायचं ते ईएनटीवाल्यांना विचारा. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांत लाइट सुरू व्हावी असं बघतात आणि त्यातले बरेच दिवस या फॉरवर्डवर चर्चा करण्यात गेलेत. मामी, सोमवारची तारीख हलवायची नाही.