‘स्पॅम’चं बटण खुशाल दाबा

गेस्ट हाऊस आणि टॅक्सीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक निरोप फिरतोय: नको असलेल्या ईमेलवर ‘स्पॅम’ दाबू नका, दाबलंत की पाठवणाऱ्याला तुमचा पत्ता चालू असल्याचं कळतं, एक शब्द स्पॅम ठरला की त्या शब्दाचे चांगले मेलही अडकतात, आणि एवढं करून उपयोग शून्य. म्हणून गुपचूप डिलीट करा.

पत्त्याचं आधी बघू. हे बटण तुमच्या मेल सेवेचं असतं, पाठवणाऱ्याचं नव्हे, त्यामुळे खबर सेवेकडे जाते. याहू, मायक्रोसॉफ्टसारख्या सेवा नोंदणी केलेल्या मोठ्या कंपन्यांना तक्रारी कळवतात हे खरं, पण ते तुमचा पत्ता त्यांनी यादीतून काढावा म्हणून. लॉटरी लागल्याचं सांगणारा भामटा अशी नोंदणी करायला जाईल कशाला? गफलत झालीय ती मेलच्या तळाच्या ‘अनसबस्क्राइब’ (यादीतून नाव काढा) लिंकशी. ती पाठवणाऱ्यानेच घातलेली असते. भामट्याच्या मेलमधली दाबलीत तर मात्र इथे माणूस आहे हे त्याला कळतं.

अडकणाऱ्या शब्दांची भीती जुनी आहे. स्पॅम गाळणाऱ्या सुरुवातीच्या चाळण्या खरंच शब्दांच्या काळ्या यादीवर चालायच्या. २००२ साली प्रोग्रामर पॉल ग्रॅहम यांच्या एका लेखाने गणितज्ञ बेझच्या संभाव्यतेची रीत लोकप्रिय केली. तिच्यात शब्द दोषी नसतो, त्याला गुण मिळतात, तेही तुम्ही वेगळ्या केलेल्या स्पॅम आणि चांगल्या मेलच्या दोन ढिगांवरून. ‘कॅसिनो’च घ्या. डिचोलीतल्या एखाद्या शिक्षिकेला हा शब्द भेटतो तो ‘फुकट चिप्स’वाल्यांच्या जाहिरातीत. पणजीच्या गेस्ट हाऊसवाल्याला पाहुणेच विचारतात, मांडवी नदीतल्या कॅसिनोची जेटी किती लांब? समजा दोघांनीही २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल निवडले. स्पॅममध्ये दोघांकडेही ४० ठिकाणी ‘कॅसिनो’ आहे. चांगल्यांत बाईंकडे एकदा, त्याच्याकडे ३० वेळा. बाईंच्या खात्यात संशय ४१ पैकी ४०, म्हणजे सुमारे ९८ टक्के. त्याच्या खात्यात ७० पैकी ४०, जेमतेम ५७ टक्के. त्यातून ‘चेक-इन’, ‘दोन खोल्या’ असे शब्द शेजारी असले की मेल सुखरूप इनबॉक्सात. जीमेलसारख्या सेवा याच्या जोडीला पाठवणाऱ्याची पत, लिंका, इतरांच्या तक्रारी असं बरंच काही पाहतात, म्हणजे एका शब्दावर निकाल लागणं तिथे आणखीच अवघड.

‘उपयोग शून्य’ म्हणणाऱ्यांची अपेक्षा असते की एकदा दाबलं की त्या माणसाचं तोंड बंद व्हावं. त्याला ब्लॉक म्हणतात. स्पॅमवाले रोज पत्ता बदलतात, म्हणून चाळणीला नमुने लागतात, आणि भरपूर लागतात: स्पॅमअॅसॅसिन या स्पॅम गाळणाऱ्या सॉफ्टवेअरची शिकाऊ चाळणी मुळात किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल पाहिल्याशिवाय तोंडच उघडत नाही. नुसतं डिलीट केलंत तर तिला काय कळणार? वाचून झालेलं वीजबिलही आपण डिलीटच करतो. शिवाय तक्रारींना वजन आहे. फेब्रुवारी २०२४पासून गूगलने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला लावलंय.

म्हणूनच, आपण स्वतः नाव नोंदवलेल्या दुकानाच्या जाहिराती कंटाळून स्पॅममध्ये टाकू नयेत. तिथे अनसबस्क्राइबच बरं. आणि ‘स्पॅम नाही’ हे बटणही तितकंच शिकवतं, पण ते फारसं कुणी दाबत नाही. जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी पुसून टाकतं. डिसेंबरात बुकिंगची चौकशी तिथे पडून राहिली, तर पाहुणा शेजारच्याकडे उतरतो.