थकबाकी रुपये शून्य फक्त

सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत उरकावी लागते आणि तिची नोटीस 14 दिवस आधी सभासदांना पोचवावी लागते. त्यामुळे गणपतीच्या सुमारास आमच्या सेक्रेटरींना माझ्याविषयी एकदम आदर वाटू लागतो. "तुम्ही कॉम्प्युटरवाले! मेल मर्ज म्हणजे काय हो, एक बटण दाबायचं." मेल मर्ज म्हणजे नोटिशीच्या एकाच नमुन्यात यादीतून प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि थकबाकी आपोआप भरून घेणं. ते बटण नेमकं कुठलं, हे मात्र ते सांगत नाहीत.

सभासदांची यादी असते मेंटेनन्सच्या बिलांच्या सॉफ्टवेअरमध्ये. ती बाहेर येते सीएसव्ही होऊन, म्हणजे एक रकाना संपला की स्वल्पविराम. आता आपल्याकडचा पत्ता स्वल्पविरामांशिवाय लिहिता येतो का? मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीशेजारी, जुना नाका. पत्त्याला अवतरणचिन्हांत बांधून ठेवलं तर तो जागेवर राहतो, पण आमच्या सॉफ्टवेअरला तेवढंही जड जातं. पत्ता ओघळत पुढच्या रकान्यांत गेला आणि एका आजोबांची थकबाकी निघाली 'पिठाच्या गिरणीशेजारी'.

नावांची गत याहून वाईट. फाइल यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांना चालणाऱ्या संकेतात; त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. फाइलवर डबल क्लिक केलं तर स्प्रेडशीट ते तीन बाइट सुटे सुटे वाचते. कुलकर्णी, शेख, डिसूझा यांच्या जागी टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची वरात. अशी फाइल डबल क्लिकनं उघडायचीच नाही. आयात करायची, तिथं यूटीएफ-8 निवडायचं आणि फ्लॅटच्या रकान्याला 'मजकूर' म्हणून बजावायचं. न बजावल्यास इमारत 3, फ्लॅट 12 मधल्या काकू 3/12 वरून थेट 3 डिसेंबरला मुक्कामाला जातात. 1/4 वाल्यांचा 1 एप्रिल होतो. काकूंनी फार मनाला लावून घेऊ नये; एक्सेलच्या याच खोडीपायी मानवी जनुकांची अधिकृत नावं बदलावी लागली. मार्च1 नावाच्या जनुकाची सारखी तारीख व्हायची, म्हणून 2020 साली त्याला मार्चएफ1 केलं. शास्त्रज्ञ हरले, तिथं आमची सोसायटी कोण?

एवढं निस्तरून यादी वर्ड प्रोसेसरला जोडली. ही जोडणी मोठी मानी. रकान्याच्या पहिल्या आठ ओळींवरून तो आकड्यांचा की अक्षरांचा हे ठरवते आणि पुढं कुणाचं ऐकत नाही. सभासद क्रमांकाच्या रकान्यात 101 पासून आकडेच आकडे, म्हणून तळाच्या 'दुकान-2' चा क्रमांक झाला 0. त्या दुकानदारानं हसून सोडून दिलं. 12500.20 रुपये थकवणाऱ्या बाईंच्या नोटिशीत मात्र दशांशचिन्हापुढं 200000000001 उमटलं. त्या पैशाचे अंश मोजत कमिटीकडे आल्या.

थकबाकीच्या रकान्यात आमच्या खजिनदारांनी एकाच ठिकाणी आकडा लिहिला नव्हता. वर्षानुवर्षं मेंटेनन्स न भरणारे, प्रत्येक सभेत पहिल्यांदा माइक धरणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या नावापुढं होतं 'कोर्टात'. अक्षरं दिसताच जोडणीनं शून्य घातला. अध्यक्षांनी न वाचता सही केली, सेक्रेटरींनी शिक्का मारला.

सभेला ते गृहस्थ नोटीस लॅमिनेट करून आले. येताना वकीलही घेऊन आले होते.