आजोबांना उकडत नाही, म्हणून ऊन बाधत नाही असं नाही

मार्च संपत आला की घराघरांतल्या ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचं सार असं: वय झालं की शरीर उन्हाला सरावतं, म्हणून म्हाताऱ्या माणसांना उकडत नाही; पाणी तहान लागेल तेव्हाच प्यावं; आणि रोज तासभर चालणाऱ्याला ऊन लागत नाही. वाचायला पटतं, म्हणूनच जास्त घातक.

उकडत नाही हे खरंच. पण ते सरावामुळे नव्हे. वय वाढतं तशी ऊन-थंडी ओळखण्याची त्वचेची क्षमता मंदावते, पायांत सर्वांत जास्त. त्यात मधुमेह असला तर शेकायच्या पाण्यात पाय पोळतो आणि फोड आल्यावरच कळतं. शिवाय घाम कमी येतो, त्वचेकडे रक्त कमी वळतं. अंग तापतं जास्त आणि कळतं कमी. मे महिन्यात अकोल्याला पंखा बंद करून स्वेटर घालून बसलेल्या आजोबांच्या पाठीवर हात ठेवून पाहा. पाठ कोरडी आणि कढत लागेल. विचारलंत तर 'बरं वाटतंय' म्हणतील, आणि त्यांना खरंच तसं वाटत असतं.

२००३च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेत सुमारे १५ हजार जास्तीचे मृत्यू झाले. बहुतेक जण पंचाहत्तरीच्या पुढचे. त्यांना उन्हाची सवय नव्हती, असं कुणी म्हणेल. मग अहमदाबाद घ्या. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३०० हून जास्त माणसं गेली. उन्हात वाढलेलं शहर आहे ते.

तहानेचंही तेच, वयाबरोबर तीही बोथट होते. पाणी घड्याळ पाहून द्यावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, लघवी होण्याची गोळी चालू असेल, तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून.

चालण्याच्या दाव्यात मात्र तथ्य आहे, आणि ते नाकारायचं नाही. नियमित चालणाऱ्या, पोहणाऱ्या, सायकल चालवणाऱ्यांच्या रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटतो, त्वचेकडे रक्त चांगलं जातं. त्याच वयाच्या बैठ्या माणसापेक्षा त्यांची ऊन-थंडीची जाणही जास्त टिकलेली दिसते. पण तुलना त्याच वयाच्या माणसाशी आहे, तिशीतल्याशी नाही. चालताना स्नायू स्वतःच उष्णता तयार करतात, ती वेगळीच. उन्हाचा सराव व्हायला एक-दोन आठवडे लागतात आणि काही आठवड्यांत तो उतरतो. बंगळूरला लेकीकडे दोन महिने राहून मेमध्ये नागपूरला परतलेले काका कितीही तंदुरुस्त असोत, त्यांचा सराव पुन्हा पहिल्यापासून. फिरायला जायचं ते उजाडतानाच.

खोलीत ४० अंशांच्या वर पारा गेला की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. अशा वेळी हातपाय, मान, पाठ ओल्या फडक्याने पुसत राहा. घाम जे काम करत नाही ते पाणी करतं. आणि घरातलं वयस्क माणूस असंबद्ध बोलू लागलं, तोल जाऊ लागला, तर थर्मामीटर शोधत बसू नका. अंगावर पाणी ओता आणि १०८ला फोन लावा.