क्रिएटिव्ह माणसांना पैसे कशाला लागतात!

"सर, तुम्ही क्रिएटिव्ह माणसं. पैशाच्या मागे इतकं काय लागता?"

मी कंपन्यांच्या फिल्म आणि लग्नाचे व्हिडिओ बनवतो, आणि हे आज दुपारी मला फोनवर ऐकवलं गेलं. ऐकवणारा एका क्लायंट कंपनीचा मार्केटिंग मॅनेजर, माझ्यापेक्षा वयाने बराच लहान, आणि बोलता बोलता कुरुम कुरुम काहीतरी खात होता. चिवडा असावा. म्हणजे याचा पगार एक तारखेला खात्यात पडणार, याची दिवाळी बोनसवर होणार, आणि मी मात्र कलेवर जगायचं. बरं, वाक्यात राग नव्हता हो. उलट कौतुकच होतं. एखाद्या साधूला "महाराज, तुम्हाला काय करायचंय पंख्याचं" म्हणावं, तसं.

टाळकंच सटकलं.

फिल्म होती त्यांच्या कंपनीला पंचवीस वर्षं झाल्याची. नेहमीप्रमाणे कार्यक्रम तोंडावर आल्यावर यांना आठवण झाली. "पीओ होईल हो, तुम्ही काम सुरू करा." (पीओ म्हणजे कामाची लेखी ऑर्डर.) केलं. शॉप फ्लोअरवर धातू कापणाऱ्या व्हीएमसी मशीनसमोर कॅमेरा लावून बसलो, लेन्सवर कूलंटचे शिंतोडे घेतले, शेडमधल्या दिव्यांचा फ्लिकर पकडला जाऊ नये म्हणून शटरशी झटापट केली. एमडी साहेबांनी फ्लोअरवर बाइट दिला तो हेल्मेट न घालता, कारण हेल्मेटने केस बसतात. मी बिचकत म्हटलं, "साहेब, हेल्मेट..." तर मागून चार जणांनी डोळे वटारले. मग फायनल कट पाहायला सेफ्टी ऑफिसर आले. त्यांनी पहिल्याच फटक्यात सांगितलं की हा शॉट चालणार नाही, ऑडिटवाल्यांनी पाहिला तर वाट लागेल. आणि मग तो ऐतिहासिक प्रश्न आला: "ते कॉम्प्युटरवर हेल्मेट घालता येतं ना हल्ली?"

पुन्हा शूट. फुकट. "सेम लोकेशनच आहे ना सर, कॅमेरा तर तुमचाच आहे."

तरी फिल्म चांगली झाली, हे मीच सांगतो. कार्यक्रमात दाखवली तेव्हा हॉलमध्ये टाळ्या पडल्या, एमडींच्या आईंनी पदर डोळ्यांना लावला. मला स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिला. नारळाची चटणी झाली. शाल कपाटात आहे. बिल अजून त्यांच्याकडे आहे.

पहिल्यांदा बिलाची हार्ड कॉपी हवी होती, सही-शिक्क्यासकट. मग कळलं की पीओ नसल्यामुळे बिल सिस्टीममध्ये चढतच नाही. जो पीओ "होईल हो" होता, तो. मग मागच्या तारखेचा पीओ काढता येत नाही, म्हणून बिलाची तारीख बदलून द्या. मग नवीन व्हेंडर पोर्टल आलं. तिथे पॅन, जीएसटी सर्टिफिकेट, कॅन्सल्ड चेक आणि मागच्या तीन वर्षांचा टर्नओव्हर. काय करायचाय माझा टर्नओव्हर? तुमच्याकडे मुलगी देतोय का मी? मग ज्या साहेबांनी अप्रूव्ह करायचं ते रजेवर. आले, तर आज कळलं की पेमेंट दहा आणि पंचवीस तारखेलाच निघतं आणि या वेळची दहा हुकली. मी इतकंच म्हटलं की जरा बघा ना, बरेच दिवस झाले. त्यावर वरचं वाक्य.

आणि ते म्हणून झाल्यावर, त्याच दमात: "बरं सर, ते सगळं रॉ फुटेज पाठवून द्या ना. आमच्याकडे एक इंटर्न आलाय, तो रील्स बनवेल. हार्ड डिस्क तुमचीच असू द्या."

हार्ड. डिस्क. तुमचीच. असू द्या.

हे रॉ फुटेज प्रकरण एकदा कुणीतरी यांच्या डोक्यात नीट घाला. लॉगमध्ये, म्हणजे रंग नंतर भरायचे अशा पद्धतीने, शूट केलेलं राखाडी, फिकट फुटेज, अर्ध्या क्लिपमध्ये मीच "साहेब, जरा डावीकडे" म्हणतोय. ते इंटर्न बघणार, साहेबांना दाखवणार आणि साहेब म्हणणार, कलर तर काहीच नाहीत, यालाच एवढे पैसे घेतात?

जाऊ दे. पैशावर येतो, कारण मी क्रिएटिव्ह असूनही मला हिशेब येतो. बिल निघालं की त्यावरचा 18 टक्के जीएसटी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत मी भरायचा. क्लायंटने दमडी दिलेली असो वा नसो. म्हणजे लाखाचं बिल अडकलं की मला लाख मिळाले नाहीत ते वेगळंच, वर अठरा हजार मी सरकारला खिशातून दिले. ज्या पैशांवर ते इनपुट क्रेडिट घेऊन, म्हणजे स्वतःच्या करातून वळते करून, मोकळे होतील, ते. पेमेंट येईल तेव्हा टीडीएस कापून येणार. तो कुणी एक टक्का कापतो, कुणी दहा. कशावर ठरतं? त्यांच्या अकाउंटंटला सकाळी चहा मिळाला की नाही त्यावर. आणि कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या नोंदीत माझ्या नावावर दिसेपर्यंत पुन्हा फोन, पुन्हा "सर, प्रोसेसमध्ये आहे".

ध्वनीवाल्याला मी शूटच्या संध्याकाळी पैसे दिले. लाइटचा टेम्पो, त्या टेम्पोवाल्याचा टोल, असिस्टंटचा भत्ता, सगळं त्याच दिवशी. थोडक्यात, आमचा धंदा व्हिडिओ बनवायचा नाहीच. आम्ही मोठमोठ्या कंपन्यांना बिनव्याजी कर्ज देतो आणि सोबत एक फिल्म मोफत.

कायदा नाही असंही नाही, त्यानेच जास्त डोकं फिरतं. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, आहे माझं. 2006 चा एमएसएमई कायदा सरळ सांगतो की छोट्या उद्योगाचे पैसे 15 दिवसांत द्या, लेखी करार असेल तरी 45 दिवसांच्या वर जाऊ नका. गेलात तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. तक्रारीला सरकारी पोर्टल आहे. 2024 पासून तर आयकरातही मेख मारलीय: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे वेळेत दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही. परिणाम काय? 31 मार्च जवळ आला की वर्षभर फोन न उचलणारे अकाउंटंट आपणहून फोन करतात. आणि एका महाभागाने मला शांतपणे विचारलं होतं, "तुमचं ते उद्यम रद्द करता येईल का? म्हणजे आम्हाला सोपं जाईल."

करतो ना. सोबत आधार कार्डही रद्द करतो.

पण पोर्टलवर तक्रार टाकली की पुढचं काम गेलं, आणि पुढचं काम म्हणजे त्यांचंच नव्हे. या एमआयडीसीतले सगळे एचआर आणि मार्केटिंगवाले एकमेकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतात. "तो जरा किटकिट करतो" एवढं एक वाक्य पुरतं.

लग्नाची कामं त्यापेक्षा बरी असं कुणाला वाटत असेल तर एक हंगाम करून बघा. कार्यालयाचे पूर्ण पैसे भरल्याशिवाय किल्ली मिळत नाही. केटरर आदल्या रात्री हिशेब करून घेतो. गुरुजी दक्षिणा घेतल्याशिवाय पाटावरून उठत नाहीत, आणि बँडवाले तर भर वरातीत ट्रम्पेट खाली ठेवतात. शहाणी माणसं आहेत. आणि व्हिडिओवाल्याला? "दादा, अल्बम आणि व्हिडिओ हातात आला की एकदमच देऊ." मग व्हिडिओ तयार होतो आणि न्यायलाच कुणी येत नाही, कारण जोडपं तोवर बंगळुरूला गेलेलं असतं आणि वडील म्हणतात, त्यांनाच विचारा. त्यात अंतरपाट खाली येतो तो एक क्षण, ज्याच्यासाठी दोन कॅमेरे लावून मी अर्धा तास एका पायावर उभा, नेमका त्याच वेळी मामांचा मोबाईल लेन्ससमोर. कव्हर उघडलेलं, फ्लॅश चालू. त्यांचा व्हिडिओही उभा आणि हललेला, पण दुसऱ्या दिवशी ग्रुपवर तोच फिरतो. माझा टीझर गेला की वहिनी विचारतात, मामांनी घेतलाय तसा क्लिअर का नाही? कारण तुम्ही तो व्हॉट्सअॅपवर बघताय वहिनी! व्हॉट्सअॅप त्याचा चुरा करून पाठवतं! मी लिंक दिली होती!

आणि ड्रोन. देवा रे, ड्रोन. विमाननगरमधलं एक ऑफिस, गच्चीवर उभे आहोत, डोक्यावरून कानठळ्या बसवत सुखोई गेलं, आणि क्लायंट म्हणतो, "दोन मिनिटांत एक ड्रोन शॉट घेऊन टाक की." अरे बाबा, शेजारी लोहगावचा हवाई दलाचा तळ आहे. "छोटा असतो ना तो, 250 ग्रॅमच्या आतला, त्याला लागत नाही परवानगी." रेड झोनमध्ये सगळ्याला लागते. मला आत टाकल्यावर जामीन तू देणार का? त्यावर "मागच्या वेळच्याने उडवला होता." हा मागच्या वेळचा माणूस मला आयुष्यात एकदा भेटायचाय. तो निम्म्या पैशात करतो, रात्रीत एडिट देतो, सिनेमातली गाणी बिनधास्त वापरतो कारण "दहा सेकंदांपर्यंत कॉपीराइट लागत नाही", आणि नेमका या वेळी तो उपलब्ध नसतो.

हल्ली त्याची जागा एआयने घेतलीय. "आता एआयवर सगळं होतं म्हणे." मग एआयला सांगा ना, तुमच्या शेडमधलं तुमचंच मशीन आणि त्यावर वीस वर्षं उभे असलेले तुमचेच काका दाखव म्हणून. आणि हेल्मेट घाल म्हणावं साहेबांना.

परवा एका ऑनलाइन सेशनला बसलो होतो, व्हिडिओ प्रॉडक्शनमध्ये शाश्वत करिअर कसं घडवावं यावर. बोलणारा मुलगा छान होता, मागे जांभळा दिवा, झाडाची कुंडी. म्हणाला, रिटेनर मिळवा. मिळवले होते हो! महिन्याला अमुक इतके रील्स, ठरावीक रक्कम. पहिल्या महिन्यात ठरल्याप्रमाणे. दुसऱ्यात गुढीपाडव्याच्या शुभेच्छा, तिसऱ्यात साहेबांच्या मुलीचा अरंगेत्रम. म्हणाला, स्वतःची किंमत ओळखा. ओळखली. लेखी दिली. "काय हो, फक्त बटणच दाबायचंय ना?" असं उत्तर आलं.

या धंद्याचे मूळ पुरुष दादासाहेब फाळके. 1912 साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडन गाठलं, सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले, आणि शेवटची वर्षं नाशिकला चणचणीत काढून 1944 साली गेले. पुढे सरकारने त्यांच्या नावे सिनेमातला सर्वोच्च पुरस्कार ठेवला. त्यात सुवर्णकमळ असतं, रोख रक्कम असते, आणि शाल असते. बघा, शालीची परंपरा किती वरून आलीय. फक्त रोख रक्कम आमच्यापर्यंत झिरपलेली नाही.

तर संध्याकाळी मी त्या मॅनेजरला मेसेज लिहायला बसलो. काय लिहिला होता! कलम 15, कलम 16, चक्रवाढ व्याजाचा हिशेब, चिवड्याचा उल्लेख, सगळं. बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पाठव. पाठवच." मी एकदा नजर फिरवली आणि चिवडा काढला. मग व्याज काढलं, उगाच भांडण नको. मग कलमं जरा कोर्टासारखी वाटली. शेवटी जो मेसेज गेला तो असा: "नमस्कार सर, आपल्या सवडीने बघावं ही विनंती. हार्ड डिस्क ऑफिसच्या पत्त्यावर पाठवू की फॅक्टरीच्या?" वर दोन जोडलेले हात.

बायकोने फोन हातात घेऊन वाचला, परत दिला आणि भाजी परतायला निघून गेली. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

मग शांत व्हावं म्हणून मी तासभर एक लेन्स बघत बसलो. बारा हप्त्यांत मिळतेय. ती घेतली की लो लाइटमधली कामं फार सुंदर होतील, वगैरे. कार्टमध्ये टाकून ठेवलीय. पंचवीस तारखेला पैसे आले तर, असं मनाशी ठरवलंय, आणि हे ठरवताना मला जरासुद्धा हसू आलं नाही, यावरून काय ते समजा.

आताच सीएंचा मेसेज आला. वीस तारीख जवळ आली, जीएसटीच्या थ्रीबी रिटर्नचे पैसे खात्यात ठेवा. खाली आणखी एक ओळ: माझी फी तेवढी आधी पाठवा, मग रिटर्न फाइल करतो.