प्रोसेसर नंतर, आधी तारीख बघा (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण तिच्यात मुद्दे आहेत, म्हणून दोन ओळींत न आटोपता सविस्तर लिहितो. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायचं तर तुमचं म्हणणं असं: क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, हा पंचवीस हजारांना विकलेला नुसता ब्राउझर. नेट गेलं की तो डबा. बी.कॉम.ला असलेल्या पुतणीला क्रोमबुकवरचा माझा लेख वाचून तो घेऊन दिला, तर त्यावर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर चालेना. तेवढ्याच पैशांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर इंटेल आय५ प्रोसेसरचा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण नीट करून विकलेला, थिंकपॅड लॅपटॉप मिळतो. आणि असले लेख लिहून मी लोकांचे पैसे पाण्यात घालतो.

टॅलीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. टॅलीप्राइम विंडोजवर चालतं, क्रोमओएसवर ते बसवता येत नाही. लेखात ‘कोणी घेऊ नये’ असा एक परिच्छेद होता आणि त्यात टॅलीचं नाव पहिलं होतं, तो नजरेतून सुटला असावा. तेव्हा पुन्हा एकदा: कॉमर्सची मुलं, जीएसटी किंवा कंपनी खात्याच्या कामासाठी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरणारे, ऑटोकॅडवाले, श्रीलिपी या फाँट-सॉफ्टवेअरमध्ये पानं लावणारे डीटीपीवाले, यांनी क्रोमबुकच्या वाटेला जाऊ नये. सरकारी टायपिंग परीक्षेची तयारी करणाऱ्यांनीही नाही. साधं युनिकोड मराठी मात्र त्यावर व्यवस्थित टाइप होतं. सेटिंगमध्ये जाऊन इनपुटला मराठी जोडलं की झालं.

पुतणीचं काय करायचं? परत करायची मुदत शिल्लक असेल तर सरळ परत करा. मुदत गेली असेल आणि घरी किंवा दुकानात विंडोजचा एखादा डेस्कटॉप असेल, तर त्यावर टॅलीप्राइम एज्युकेशनल मोडमध्ये टाका. त्याला लायसन्स लागत नाही. एंट्री फक्त महिन्याच्या १, २ आणि शेवटच्या तारखेला करता येतात, पण शिकायला तेवढं पुरतं. मग त्या डेस्कटॉपवर क्रोम रिमोट डेस्कटॉप बसवलं की ती क्रोमबुकवरून तोच डेस्कटॉप वापरू शकेल. तो चालू ठेवावा लागतो आणि नेट बरं लागतं, ही कटकट आहेच. पण नवीन लॅपटॉपचा खर्च वाचतो.

नेट नसताना क्रोमबुक डबा होतो, हे दहा-बारा वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी खरं होतं. आता गूगल डॉक्स, शीट्स आणि जीमेल ऑफलाइन चालतात. अट एकच, ती सोय नेट असतानाच चालू करून ठेवायची. उतरवलेल्या पीडीएफ आणि व्हिडिओ उघडतात, बहुतेक मॉडेलांवर अँड्रॉइडची ॲप चालतात. शिवाय मोबाइलचा हॉटस्पॉट कुणाकडे नाही? हा मुद्दा इथेच सोडतो.

खरा वाद थिंकपॅडचा आहे. तिथे तुम्ही किंमत आणि प्रोसेसर अशा दोनच गोष्टी धरल्यात. स्वस्त लॅपटॉप घेताना मी या दोन्हींच्या आधी एक गोष्ट बघतो: या यंत्राला सुरक्षेची अपडेट कधीपर्यंत मिळणार? बँकेचे व्यवहार, आधार, ओटीपी, मुलांचे कॉलेजचे फॉर्म सगळं आता त्याच पडद्यावर होतं, म्हणून.

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी जी वाढीव मुदत मिळते तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. आता लॅमिंग्टन रोडवर ‘आय५, १६ जीबी, एसएसडी’ असा बोर्ड लावून जे थिंकपॅड विकले जातात, त्यांतले टी४६०, एक्स२६० आणि टी४७० हे सहाव्या-सातव्या पिढीचे आहेत. दुकानदार त्यावर विंडोज ११ ‘टाकून’ देतो, यात शंका नाही. पण ती पळवाट झाली. पुढचं मोठं वार्षिक अपडेट तिथे आपणहून येत नाही, पुन्हा तोच उपद्व्याप करावा लागतो. तुम्हाला स्वतःला ते जमत असेल. पुतणीला जमेल का, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना?

रिफर्बिश्डच घ्यायचा तर टी४८० मागा. प्रोसेसर आठव्या पिढीचा असल्याची खात्री केली की विंडोज ११ त्यावर राजरोस चालतं, रॅम वाढवता येते, आतली आणि बाहेरून काढता येणारी अशा दोन बॅटऱ्या असतात. जुन्या बॅटऱ्यांचा जीव किती उरलाय तेवढं दुकानातच तपासून घ्या. तुमच्या पुतणीला मी हाच सुचवला असता. म्हणजे बघा, तुमचा सल्ला चुकीचा नाही, मॉडेल नंबरशिवाय तो अर्धवट आहे.

आता हीच फूटपट्टी क्रोमबुकला लावू, म्हणजे मी एका बाजूने बोलतो असं व्हायला नको. गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये दहा वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. ऐकायला फार छान. पण ही दहा वर्षं तुम्ही पावती फाडल्यापासून सुरू होत नाहीत. ज्या हार्डवेअर प्लॅटफॉर्मवर, म्हणजे आतल्या मूळ सांगाड्यावर, ते मॉडेल बांधलंय, तो प्लॅटफॉर्म बाजारात आला तेव्हापासून ती मोजतात. औषधाच्या पाकिटावरची तारीख जशी बनवल्यापासून चालू होते, तसंच. २०२१ पासून आलेल्या प्लॅटफॉर्मना ही मुदत आपोआप लागू आहे. त्याआधीच्या काही यंत्रांवर वाढीव अपडेट वापरणाऱ्याने स्वतः चालू करावी लागतात.

याचा फटका कसा बसतो ते सांगतो. २०२१ मध्ये आसुसने फ्लिपकार्टवर भारतात क्रोमबुक आणले. सी२२३ त्यांतला सगळ्यात स्वस्त, अठरा हजारांच्या आसपास. त्यात सेलेरॉन एन३३५० होता आणि हा प्रोसेसर इंटेलने २०१६ मध्ये काढलेला. खोकं नवं कोरं, आतला माल पाच वर्षं जुना. सेलमध्ये आजही असे जुने साठे निघतात. ‘नवीन’ आणि ‘सीलपॅक’ या शब्दांवर जाऊ नका. गूगलच्या मदत पानांवर मॉडेलनिहाय शेवटच्या तारखेची यादी आहे. यंत्र हातात असेल तर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट क्रोमओएस’, मग ‘ॲडिशनल डिटेल्स’ उघडलं की अपडेट कोणत्या महिन्यापर्यंत ते लिहिलेलं दिसतं. पाच वर्षांहून कमी उरली असतील तर मी घेणार नाही, कितीही सूट असली तरी.

तारीख पटली, की मग रॅम. बहुतेक क्रोमबुकमध्ये ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, पुढे वाढवता येत नाही. चार जीबीवर ब्राउझरच्या बारा-पंधरा टॅब, त्यात व्हिडिओ कॉल आणि एखादं अँड्रॉइड ॲप एवढं झालं की यंत्र धापा टाकायला लागतं. आठ जीबीच घ्या. स्क्रीन आयपीएस (कोणत्याही बाजूने स्पष्ट दिसणारा पडदा) आहे का बघा, नाहीतर थोडं तिरकं बसलं की चेहरे करपलेले दिसतात. हे सगळं शोधण्याचा कंटाळा असेल तर ‘क्रोमबुक प्लस’ असा शिक्का असलेलं मॉडेल घ्यावं. ऑक्टोबर २०२३ पासून तो शिक्का मिळवायचा तर किमान आठ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, फुल एचडी आयपीएस पडदा आणि १०८० पी कॅमेरा द्यावाच लागतो. पंचवीस हजारांत हे बसणं कठीण, आणि तिथे तुमचा टी४८० पुन्हा शर्यतीत येतो, हे कबूल.

तुम्ही न काढलेला एक मुद्दा मीच काढतो: प्रिंटर. वायफायचे अलीकडचे प्रिंटर क्रोमबुकला चटकन सापडतात. पण आपल्याकडे निम्म्या दुकानांत आणि घरांत कॅननचा तो चिवट एलबीपी२९०० असतो. त्याचा ड्रायव्हर कॅननच्या स्वतःच्या पद्धतीचा, त्यामुळे क्रोमबुकवरून त्यावर थेट प्रिंट काढायची आशा धरू नका. पीडीएफ मोबाइलवर पाठवून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जावं लागतं.

मग क्रोमबुक घ्यावा कुणी? निवृत्त झालेले, ज्यांचं काम बँक, मेल, यूट्यूब, नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढ्यावर भागतं आणि ज्यांना कुणीतरी फोन करून ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ म्हणत भलतंसलतं डाउनलोड करायला लावतं. विंडोजची .exe फाइल, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी फाइल, क्रोमओएसवर थेट चालतच नाही. पाचवी ते दहावीची मुलं. आणि जे दिवसभर ब्राउझरमध्येच काम करतात ते.

पुतणीच्या क्रोमबुकच्या तळाशी मॉडेल नंबर असेल, तो इथे टाका. त्याची अपडेटची शेवटची तारीख बघून सांगतो, म्हणजे विकायचा झाला तर किती मागायचे तेही ठरवता येईल.