हेड कोच व्हायचंय? मग नेथन बकलीसारखं करा

नेथन बकली म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधल्या कॉलिंगवूड क्लबचा कॅप्टन आणि पुढे तिथलाच कोच. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो, अंडाकृती बॉल, एका बाजूला १८ जण, आणि मैदान तेच एमसीजी जिथे कोहलीने रौफला ते दोन सिक्स मारले. मधल्या दोन खांबांतून बॉल गेला तर ६ पॉइंट, नेम चुकून शेजारच्या फटीतून गेला तरी १ मिळतो. चुकल्याचेही मार्क देणारा खेळ, तेव्हा करिअर करायला हरकत नाही.

तर आधी भारी खेळा. इतकं भारी की पुढे कुणी विचारूच नये की ह्याला कोचिंग जमतं का, कारण स्वतः खेळणं आणि अख्ख्या टीमला खेळवणं एकच असतं हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं असतं. १९९३ मध्ये ब्रिस्बेन क्लबकडून एक सीझन खेळा, रायझिंग स्टार (बेस्ट नव्या पोराचं बक्षीस) घ्या आणि ट्रॉफी जिंकायची म्हणून लगेच कॉलिंगवूडला पळा. मग तिथले कॅप्टन व्हा आणि २००२ ची ग्रँड फायनल (सीझनची शेवटची, ट्रॉफी ठरवणारी मॅच) हरा, कुणाशी, तर ब्रिस्बेनशी, ९ पॉइंटनी. तुम्ही हरलेल्या टीमचे, तरी मॅचमधला बेस्ट प्लेअर म्हणून नॉर्म स्मिथ मेडल तुमच्याच गळ्यात. पुढच्या वर्षी परत ब्रिस्बेन, ह्यावेळी ५० नी, म्हणजे निदान शेवटपर्यंत जीव टांगणीला लागत नाही.

रिटायर झालात की वशिला नको, करार करा. २००९ मध्ये क्लबने लिहूनच दिलं की मिक मॉल्टहाउस अजून दोन सीझन कोच राहतील, मग खुर्ची बकलीची. म्हणजे सासूच्या हयातीतच स्टॅम्पपेपरवर ठरलं की अमुक तारखेला चाव्या सुनेच्या कमरेला. आता सासू काय करणार? ती २०१० ला प्रीमियरशिप (म्हणजे तीच ट्रॉफी) जिंकून दाखवते, २०११ ला परत ग्रँड फायनलला नेते (हरते, पण नेते), आणि मग ठरलेल्या दिवशी चाव्या ठेवून घरच सोडून जाते. तुम्ही तेव्हा असिस्टंट होतात, पण त्या ट्रॉफीसाठी तुमचं नाव कोण घेतंय!

पुढे २०१४ पासून सलग चार वर्षं फायनल्सचं (सीझनअखेरच्या वरच्या टीम्सच्या मॅचेसचं) तोंड पाहू नका. क्लब रिव्ह्यू करेल, आता गेला असं सगळे म्हणतील, आणि क्लब दोन वर्षं वाढवून देईल (ही टिप ऑफिसात वापरू नका, आपल्याकडे रिव्ह्यूनंतर फक्त डेस्क बदलतं).

मग २०१८. ग्रँड फायनल, समोर वेस्ट कोस्ट, पहिले पाच गोल तुमचे. इथे अजिबात खूश व्हायचं नाही, कारण शेवटची दोनएक मिनिटं उरलेली असताना त्यांचा डॉम शीड बाउंड्रीला जवळजवळ चिकटून उभा राहणार, तिथून खांब म्हणजे नुसती चीर दिसते, मागे लाखभर लोक बोंबलतायत, आणि हा बाबा शांतपणे किक मारणार. आत. ५ पॉइंटनी गेली. पुढच्या वर्षी प्रिलिमिनरी फायनल (म्हणजे सेमीफायनलच) ४ नी, म्हणजे प्रगती आहेच.

जून २०२१ ला सीझन अर्धवट असताना पायउतार व्हा, शेवटची मॅच मात्र जिंका, हार घालून निरोप द्यायला बरं पडतं.

आता चाव्या कुणाला द्यायच्या? क्रेग मॅक्रेला. हा कोण, तर २००२ आणि २००३ ला तुम्हाला हरवणाऱ्या ब्रिस्बेनच्या टीममधला. दुसऱ्याच वर्षी, २०२३ ला, तो कॉलिंगवूडला ट्रॉफी मिळवून देतो. ४ पॉइंटनी. ब्रिस्बेनला हरवून.